धुमाळीचा हात

लहवितच्या सहादू मुठाळनं आपल्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना वाकून खालून नवरीचे पाय पाहिले होते. बघायला गेलो तेव्हा दाखवलेली पोरगी हीच ना, याची खात्री करायला! भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता अडखळले, नवरीचा मामा लालबुंद झाला, आणि नवरी लंकाबाईनं ते पलीकडून बघितलं ते बघितलंच. पुढं संसारात भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवट त्या पायांवर यायचा.

असा हा गडी. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवणार. एस. टी.चं तिकीट हातात आलं की आधी तारीख वाचणार. कुणी साधा राम राम घातला तरी ह्याच्या मनात पहिलं हेच, की ह्याला आज काय पाहिजे? आणि अशा माणसाला नोकरी लागली ती काय, तर दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची! देवालाही अधूनमधून चेष्टा सुचते, दुसरं काय.

नोकरी अशी. देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या वस्तीला लागून जवानांचे कान तपासायचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. एकोणनव्वद साली सहादू तिथं सिव्हिलियन म्हणून चिकटला. आतल्या खोलीत आवाज न शिरणारी काचेची केबिन. जवानानं आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे. बाहेर मशीनवर सहादू. त्यानं बटण दाबलं की आत ‘टूं’ वाजायचं. आधी मोठ्यानं, मग हळू, मग आणखी हळू. ऐकू आलं की जवानानं बोट वर करायचं. बोट वर होईनासं झालं की सहादूनं कागदावर खूण करायची, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. आता बोट वर करणाऱ्याला खरोखर ऐकू आलं की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक. ह्या एका गोष्टीनं सहादूचं डोकं पहिल्या दिवसापासून उठलं होतं.

कारण कान उतरले की मेडिकल कॅटेगरी उतरते, आणि कॅटेगरी उतरली की बढती अडते. मग कोण सांगेल खरं? तोफेवरची पोरं कानात रातकिडे घेऊन फिरायची, पण फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात ‘काही नाही’. सहादूनं केबिनच्या काचेला खाकी कागद चिकटवला, फक्त बोट दिसण्यापुरती फट ठेवली. काचेत आपला हात दिसतो आणि तो बघून हे बोट वर करतात, असा त्याचा वहीम. जवान हसायचे. म्हणायचे, मुठाळदादा तोफेच्या नळीत पण डोकावून बघतील, गोळा खरा आहे का.

शहाण्णव साली मेजर मोहिनी कुलथे म्हणून कानाच्या डॉक्टरीणबाई तिथं बदलून आल्या. सिन्नरकडच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. चालताना त्यांच्या बुटांचा आवाज यायचा नाही. सहादूला हे पहिल्याच दिवशी खटकलं. एवढ्या जाड बुटांचा आवाज न करता माणूस कशाला चालतं?

बाईंनी एक अभ्यास काढला. तोफेच्या आवाजानं कान नेमका कधी उतरायला लागतो आणि कानात रबरी बोळे घातले तर किती वाचतो, हे त्यांना बघायचं होतं. चाळीस जवान, दर सहा महिन्यांनी तपासणी, अशी तीन वर्षं. राजीखुशीनं सही करील त्यालाच घ्यायचं. पहिल्या दिवशी बाई त्या चाळिसांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “इथं तुमचं नाव नाही, नंबर असेल. नावांची यादी पाकिटात, पाकिटाला लाख, पाकीट कपाटात आणि किल्ली माझ्याकडे. ह्या अभ्यासातून तुमच्या साहेबांकडे एक अक्षर जाणार नाही. मला फक्त खरं पाहिजे.”

चाळीसही जणांनी माना डोलावल्या आणि एकानंही विश्वास ठेवला नाही. कोपऱ्यात उभा सहादू मनात म्हणाला, कशाला ठेवतील? मी तरी कुठं ठेवतोय!

त्या चाळिसांत सतरा नंबरला होता हवालदार गोटीराम आहेर, देवळ्याचा. उंच, हसरा, तोफेच्या तुकडीचा प्रमुख. जगात सहादूचा कुणावर अर्धामुर्धा भरवसा असलाच तर तो ह्या गोटीरामवर, आणि त्याला कारण भजन. दर एकादशीला लहवितच्या देवळात सहादू मृदंगावर बसायचा. गोटीराम पास काढून सायकलवर यायचा आणि त्याच्या शेजारी टाळ घेऊन बसायचा. सहादूचा धुमाळीचा ठेका एकदा सुरू झाला की दहा गावचे टाळकरी वळून बघत. तेवढ्या वेळापुरता सहादू कुणावर संशय घ्यायचा नाही. गोटीराम म्हणायचा, “सहादू भो, तुमचं तोंड खोटं बोलंल एक वेळ, पण हात नाय बोलायचा.” नायब सुभेदारकीसाठी गोटीरामचं नाव पुढं गेलेलं होतं. घरी म्हातारीनं देवळ्यात खांद्यावरच्या ताऱ्याचं आधीच सांगून ठेवलेलं.

दीड वर्ष गेलं. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत बाईंनी सहादूला आत बोलावलं. टेबलावर चाळीस कागद मांडून ठेवलेले.

“मुठाळ, हे बघा.”

सहादूनं बघितले. लाल गोल, निळ्या फुल्या. ठीकच दिसत होते.

“नीट बघा. आठ वर्षं तोफेवर काढलेला माणूस आणि परवा भरती झालेलं पोरगं, दोघांचे कान सारखे? चाळीस माणसांचे चाळीस कागद एका ठिकाणी येऊन थांबतात. हे कागद केबिनसमोर बसून भरले, की इथं टेबलावर?”

सहादूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो टेबलापासून एक पाऊल मागं सरला.

“मॅडम, माझ्यावर…”

“कॅन्टीनची बाटली, आणखी काही, कुणी देतं का तुम्हाला? देत असेल तर आत्ता सांगा. नसेल तर ह्याचा खुलासा आणा. महिनाभर वाट बघते. नाहीतर मला वर लिहावं लागेल.”

जन्मभर दुसऱ्याच्या दुधात बोट घातलेला माणूस हा. आज त्याच्या दुधात कुणीतरी बोट घातलं. बाई आवाज चढवून बोलल्या असत्या तर बरं, पण त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. घरी येऊन सहादू जेवला नाही. लंकाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. ती ताट झाकत म्हणाली, “आता समजलं का? दुसऱ्यानं वाकून आपल्या पायाकडं बघितलं की कसं वाटतं ते.” मग जरा थांबून म्हणाली, “पन तुम्ही बाटली घेनारे नाय. कोनालाबी सांगंल मी. आता शोधा, कोन घालतंय तुम्हाला टोपी.”

शोधायला सहादू बसलेलाच होता! त्यानं खाकी कागदाची फट निम्मी केली. केबिनच्या खुर्चीखाली वाकून बघितलं, कुठं तार-बीर आहे का. मशीन भिंतीकडं वळवून ठेवलं. तपासणीला आलेल्या पोरांचे खिसे बाहेर काढायला लावले. एकाच्या खिशात सुपारी सापडली, तिचाही त्यानं दिवसभर विचार केला. एक दिवस तर बाईच कागद बदलत असतील असं वाटून कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. कशानंही काही होईना. जो येई तो बोट वर करी, आणि पोरं जिथं बोट खाली ठेवत तो आकडा तोच. रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढं लाल गोल फिरायचे.

महिन्यातले बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी सोमवार होता आणि पहिलाच नंबर सतराचा. गोटीराम हसत आला, केबिनमध्ये बसला, हेडफोन चढवले. सहादूनं ‘सुरू’ म्हणत दार लावलं आणि बटण दाबायला लागला. टूं, बोट वर. टूं, बोट वर. मग खाली खाली जात राहिला. गोटीरामचं बोट बरोबर येत होतं. थोडं जास्तच बरोबर.

निळी पेन्सिल घ्यायला सहादू वाकला आणि जागीच गार झाला. हेडफोनची पिन मशीनच्या बाहेर लोंबत होती. शनिवारी त्यानंच ती स्पिरिटनं पुसायला काढली होती आणि परत लावायची राहिली होती.

म्हणजे आत काहीच वाजत नव्हतं. मग हा बोट कशाला वर करतोय?

सहादूनं पिनेला हात लावला नाही. तो बटण दाबत राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं समोरच्यावरची नजर काढून स्वतःच्या हाताकडं बघितलं. दोन लागोपाठ, एक दम, पुन्हा दोन, एक दम. त्याचं बोट बटणावर धुमाळी वाजवत होतं! नऊ वर्षं तो तेच वाजवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्यानं हात उचलून मांडीवर ठेवला. आत गोटीरामचं बोट तरीही ठेक्यात वर झालं, खाली आलं, पुन्हा दोनदा वर झालं. चार आवर्तनं पुरी झाल्यावर गोटीरामनं हात गुडघ्यावर ठेवला, आता ऐकू येत नाही अशा थाटात.

असे होते ते चाळीस कागद. चार आवर्तनं बोट वर करायचं, पाचवं सोडून द्यायचं. कुणाला ऐकू येवो, न येवो.

सहादूनं केबिनचं दार उघडलं आणि ती लोंबती पिन गोटीरामच्या डोळ्यांपुढं धरली. त्याला वाटलं, आता हा थापा मारणार. पण गोटीराम पिनेकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. तो घाबरला की त्याची अहिराणी बाहेर यायची.

“पहिला टूं उना नही, सहादू भो. माले वाटनं, सगळंच गयं.”

म्हणजे पहिला आवाज आला नाही तेव्हा त्याला वाटलं, आता कान पुरते गेले. आणि असं वाटूनही हा पठ्ठ्या ठेक्यावर बोट वर करत बसला होता. सहादूला त्याचा भयंकर राग आला आणि तेवढीच कीवही आली. दोन्ही एकदम आल्यामुळं त्याला शिवीसुद्धा नीट देता येईना.

“लाज नाय वाटली? माझ्या मांडीला मांडी लावून टाळ वाजवत व्हता आन् माझाच हात चोरून घेऊन गेला?”

“चोरला,” गोटीराम म्हणाला. “तोफांच्या बॅटरीतल्या सगळ्या पोरांना शिकवला पण. नावं साहेबाकडं जानार, हे सगळ्यांना वाटत व्हतं. तुम्हाला नव्हतं वाटत?”

सहादूलाही तेच वाटत होतं.

आता करायचं काय? सात दिवस राहिले होते. बाईंना सांगावं, तर गोटीरामचा तारा जातो. न सांगावं, तर सहादू बाटलीवर विकला गेलेला माणूस ठरतो, आणि लहवितमध्ये तोंड दाखवायची सोय राहत नाही. दोन दिवस त्याची तडफड झाली. तिसऱ्या दिवशी तो बाईंपुढं जाऊन उभा राहिला आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाला, “मॅडम, चूक माझ्या हाताची हाय. माझ्या बटनाला ठेका लागलाय. भजनाचा. पोरं त्याच्यावर बोट उचलतात.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मुठाळ, मी नऊ वर्षं लष्करात आहे. असला खुलासा आजवर कुणी दिला नाही.”

“खराय पन.”

“मग दाखवा. शुक्रवारी दहा वाजता कुणालाही बसवा आणि मला डोळ्यांनी दाखवा.”

कुणाला बसवणार? सहादूनं गोटीरामला निरोप धाडला, शुक्रवारी दहा. नाव घेतलेलं नाही, यायचं तर तुझ्या मर्जीनं ये. आणि निरोप धाडल्या क्षणापासून त्याची खात्री, की हा येणार नाही. कशाला येईल? स्वतःच्या हातानं खांद्यावरचा तारा कोण काढून देतो? लंकाबाई म्हणाली, “येईल तो.” सहादू तिच्यावर खेकसला, “तुला माणसं कळत नाय.”

शुक्रवारी पावणेदहापासून सहादू दारात उभा. दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. बाईंनी घड्याळात बघितलं. सहादूच्या मनानं गोटीरामला एव्हाना फासावर दिलं होतं. आणि मग फाटकातून सायकल वळली.

गोटीराम आत आला, बाईंना सॅल्यूट ठोकला, आणि हेडफोनची पिन स्वतःच्या हातानं उपसून बाईंच्या टेबलावर ठेवली. केबिनमध्ये जाऊन बसला. सहादूनं बटण धरलं. ठेका चुकेना. चार आवर्तनं. बोट बरोबर वर, बरोबर खाली. वायर टेबलावर निपचित पडलेली.

बाईंनी पिन परत लावली, काचेवरच्या खाकी कागदाचा वरचा कोपरा सोडवला, सहादूला बाजूला केलं आणि स्वतः बटणावर बसल्या. त्यांच्या हाताला ठेका नव्हता. कधी एक, कधी थांबून तीन, कधी काहीच नाही. काचेपलीकडं गोटीरामचं बोट गुडघ्यावर पडून राहिलं. तो डोळे बारीक करून ऐकायचा प्रयत्न करत होता. मोठा आवाज आला की तेवढं बोट उचलायचा, तेही चाचरत. सहादूला ते बघवेना. बाईंनी शेवटी लाल गोल काढला तो पार तळाला.

“उजवा जवळजवळ गेलाय,” त्या म्हणाल्या. “डावा अर्धा आहे. शहाण्णव साली खरं सांगितलं असतं तर बोळे घालून यातला बराचसा राखता आला असता. गेलेला आणता येत नाही, उरलेला राखता येतो. यासाठीच हा सगळा खटाटोप होता, हवालदार.”

गोटीरामनं विचारलं, “आता हे साहेबाकडं जानार?”

“नाही. मी शब्द दिलाय. हा सतरा नंबर आहे. सतराचं नाव मला ठाऊक नाही.”

तेव्हा गोटीराम म्हणाला, “मग मीच जातो, मॅडम. गेल्या महिन्यात रेंजवर ‘थांबा’ची हाक आली ती मला ऐकूच नाय आली. तुकडीतल्या एका पोरानं बखोट धरून मला मागं ओढलं. तो नसता तर दुसऱ्या पोराचा हात तोफेत गेला असता माझ्यामुळं. तारा घेऊन काय करू?”

आणि तो खरंच गेला. आपल्या साहेबांपुढं जाऊन सगळं सांगून आला. कॅटेगरी उतरली, नायब सुभेदारकी राहिली. बाईंनी त्याला कानाचं यंत्र मिळवून दिलं, दर महिन्याला बोलावून तपासलं. सहादूविरुद्ध एक ओळ वर गेली नाही. दीड वर्षाचे कागद बाईंनी बाद केले आणि अभ्यास पहिल्यापासून मांडला. सहादूच्या हातावर त्यांचा आता विश्वास नव्हता आणि सहादूचाही नव्हता. मग पावडरच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या. प्रत्येक वेळी एक काढायची, चिठ्ठीवर असतील तेवढे सेकंद थांबायचं, मग बटण दाबायचं. आता खरे कागद यायला लागले, आणि ते बघून बाईंचा चेहरा उतरायचा. पण नव्या पोरांच्या कानात रबरी बोळे आले ते त्याच कागदांमुळं.

सहादूनं मृदंगाला मात्र हात लावायचं सोडलं. देवळात मंडळींनी मिनतवाऱ्या केल्या. तो म्हणाला, “ह्या हातानं एका माणसाचे कान गेले.” लंकाबाई म्हणायची, कान तोफेनं गेले, तुमच्या हातानं नव्हे. त्याला पटायचं नाही. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात गोटीरामची तुकडी सीमेवर गेली, गोटीरामला मागं स्टोअरवर ठेवलं. त्या दिवसांत तो केंद्राच्या पायरीवर येऊन नुसता बसायचा आणि सहादू त्याला चहा पाजायचा. दोघं काही बोलायचे नाहीत, कारण बोललेलं अर्धं ऐकूच जायचं नाही. पुढं बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी लाखेचं ते पाकीट कपाटातून काढलं आणि सहादूच्या हातात देऊन म्हणाल्या, “बघा एकदा. तुम्ही कुलूप ओढून पाहिलं होतं, मला माहीत आहे.” लाख जशीच्या तशी होती. सहादूला मान वर करवेना.

दोन हजार दोन साली गोटीराम हवालदार म्हणूनच रिटायर झाला आणि देवळ्याला निघाला. निघायच्या आधी एकादशी आली. संध्याकाळी तो लहवितच्या देवळात आला, कोपऱ्यातला मृदंग उचलला, त्यावरची धूळ रुमालानं पुसली आणि सहादूच्या पुढ्यात ठेवला.

“वाजवा.”

“तुला ऐकू येनार नाय,” सहादू ओरडून म्हणाला.

“वाजवा तर.”

गोटीरामनं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, मृदंगाला खेटून बसला आणि उजवा तळवा मृदंगाच्या पोटावर टेकवला. सहादूनं चार वर्षांनी हात मारला. बोटं जड झाली होती, पण धुमाळी आली. मंडळी सरसावून बसली. गोटीरामनं डोळे मिटले. डाव्या हाताचं बोट गुडघ्यावरून वर झालं, खाली आलं, दोनदा लागोपाठ, एक दम.

ते बोट सहादूनं ओळखलं. लोंबती पिन डोळ्यांपुढं आली. काय नेम, हा आताही पाठ म्हणत असेल! मला बरं वाटावं म्हणून! माणसाचा स्वभाव जातो थोडाच? तिसऱ्या आवर्तनाच्या मध्यावर सहादूनं मुद्दाम एक ठोका गाळला.

गोटीरामचं बोट वर येता येता हवेतच थांबलं.

त्यानं डोळे उघडले, सहादूकडं बघितलं आणि हसला. “सहादू भो, अजून संशय शे का?”

सहादूला डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, आणि आता ठोका गाळायची त्याची छाती नव्हती.